चंडीगडचे पक्षी : पिंजऱ्यातले आणि बाहेरचे

चंडीगड फिरून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये मकावचे फोटो असतात आणि 'तिथल्या अभयारण्यात काढलेत' अशी माहितीही मिळते. मकाव दक्षिण अमेरिकेचा. सुखना तलावाजवळ 2021मध्ये सुरू झालेला बर्ड पार्क म्हणजे परदेशी पक्ष्यांची मोठाली पिंजराघरं. सुखना वन्यजीव अभयारण्य वेगळं. ते 1998मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 26 चौरस किलोमीटर.

जमीन आणि पैसा असला की खासगी अभयारण्य काढता येतं, हाही एक समज. आफ्रिकेत तसं चालतं. आपल्या 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो प्रकारच नाही. अभयारण्य सरकारच जाहीर करतं. खासगी किंवा गावाच्या जमिनीसाठी 'सामुदायिक राखीव क्षेत्र' ही तरतूद मात्र 2003पासून आहे. त्यातलं देशातलं पहिलं पंजाबातच, गुरदासपूर जिल्ह्यातलं केशोपूर छंब.

सुखना नैसर्गिक तलाव आहे, असंही सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात 1958मध्ये एका हंगामी ओढ्यावर मातीचा बांध घालून तो केला. शिवालिकच्या भुसभुशीत टेकड्यांचा गाळ तलावात भरू लागला, म्हणून वरच्या बाजूला झाडं लावली, माती अडवली. गाळाच्या धास्तीने वाढवलेलं ते रान पुढे अभयारण्य झालं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंबांना पाणी आणि चारा मिळाला की पुरे. आपलं नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ तरी कुठे नैसर्गिक आहे?

सगळ्यात चिवट गैरसमज धनेशाचा, की तो दाट जंगलातच राहतो. राखी धनेश हा चंडीगडचा राज्यपक्षी, आणि तो भर शहरात, रस्त्याकडेच्या जुन्या झाडांवर राहतो. पुणेकरांनाही तो अनोळखी नाही. त्याला हवी फक्त ढोली. विणीच्या वेळी मादी आत शिरते आणि मुख्यतः स्वतःच्या विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच निघेल एवढीच फट उरते. उडण्याची पिसंही आतच गळतात, म्हणजे मनात आलं तरी उडता येत नाही. नर वड-पिंपळाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो.

म्हणूनच 'पोकळ झाड म्हणजे निकामी झाड' हे पालिकेचं गणित मला पटत नाही. निदान एप्रिल ते जूनमध्ये करवत लावण्याआधी बुंध्याशी बिया-विष्ठेचा सडा आहे का आणि वरची ढोली लिंपलेली आहे का, एवढं तरी पाहावं.