पाटीवरील लिपी व वस्तीची बोली

लंडनच्या ब्रिक लेन भागात रस्त्यांची नावे इंग्रजीबरोबर बंगाली लिपीतही लिहिलेली आढळतात. २०२२ साली जवळच्या व्हाइटचॅपल स्थानकावरही तशी पाटी लागली. हे भाषांतर नव्हे, इंग्रजी उच्चाराचे लिप्यंतर होय. सबब वाट दाखविण्यापेक्षा वस्तीचा हक्क सांगणे हेच तिचे मुख्य कार्य.

येथील बहुसंख्य बंगाली कुटुंबे मूळची सिल्हेटची. त्यांची घरभाषा सिल्हेटी. तिला सिल्हेटी नागरी ही स्वतःची लिपीही होती. पाट्यांवर ती नाही. पाट्या मोजून वस्तीची बोली ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात घ्यावे. याच रस्त्यावर फ्रेंचभाषी ह्यूगनो निर्वासितांनी १७४३ साली बांधलेले प्रार्थनामंदिर पुढे सिनेगॉग झाले. १९७६ पासून तेथे मशीद आहे. त्याच्या भिंतीवरील जुन्या सूर्यघड्याळावरही शब्द आहेत ते लॅटिन, फ्रेंच नव्हेत.