इपॉक्सीवर दाब : किती आणि केव्हा?

हार्डवेअरच्या दुकानात दोन नळ्यांतून मिळणारा चिकट पदार्थ आपण सर्वांनी वापरलेला असतो. एका नळीत इपॉक्सी रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही कालवले की रेणू एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचे त्रिमितीय जाळे तयार होते. हे जाळे पुन्हा वितळत नाही.

कार्बनच्या तंतूंना बांधून ठेवण्याचे कामही इपॉक्सी करते. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम झेपावलेल्या 'तेजस' विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग संयुक्त पदार्थांचा आहे. विमानांचे असे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रचंड आकाराच्या प्रेशर कुकरमध्ये, साधारण ६ ते ७ वातावरण दाबाखाली तापवतात. हा दाब कशासाठी?

रेझिनमध्ये थोडी हवा अडकलेली आणि थोडा ओलावा विरघळलेला असतो. तापवल्यावर त्यांचे बुडबुडे फुगतात आणि रेझिन घट्ट झाले की तेथे पोकळ्या उरतात. भार पडताच पदार्थाचे थर तेथूनच सुटू लागतात. दाबाखाली मात्र बुडबुडे आक्रसतात आणि ओलावा विरघळलेलाच राहतो.

हे वर्गात दाखवता येईल. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडे सोडावॉटर घ्या, हवा काढून टाका आणि टोक बोटाने घट्ट बंद करा. दट्ट्या ओढला की बुडबुडे उसळतात. दाबला की लहान होतात.

मात्र वेळ साधावी लागते. रेझिन जेलीसारखे होण्यापूर्वीच दाब द्यायला हवा. सुरुवातीला एकदा आम्ही तो उशिरा दिला. नमुना वरून गुळगुळीत दिसत होता. कापल्यावर आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली. जाळे एकदा घट्ट झाले की दाब वाढवून छिद्रे बुजत नाहीत.

मग दाब हजारो वातावरण केला तर? रेणू अधिक दाटीने बसतात आणि कडक इपॉक्सी ज्या तापमानाला रबरासारखे मऊ होते, ते तापमान वाढते. त्याच दाबाखाली थंड करून मग दाब काढला, तर घनता किंचित वाढलेली राहते. पण मऊ होण्याच्या तापमानापलीकडे पुन्हा तापवले की ही दाटी नाहीशी होते.

म्हणजे प्रचंड दाबाने आलेली दाटी उष्णता पुसून टाकू शकते. वेळेवर दिलेल्या माफक दाबाने टाळलेली पोकळी मात्र कायमची टळते. विमानाच्या पंखाला गरज असते ती या दुसऱ्या लाभाची.