विडीचा पूर्वेतिहास आणि फुप्फुसाचा कर्करोग

पिकांवरील रोगांविषयीं शेतकरी-मासिकांत पुष्कळ लिहिलें जातें. पीक काढणाऱ्याच्या देहास जडणाऱ्या रोगांविषयीं त्या मानानें थोडें. म्हणून एका घातक समजुतीकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. एकदां फुप्फुसाचा कर्करोग ठरला म्हणजे आतां विडी सोडून काय उपयोग, असें गांवोगांव बोललें जातें. हें खरें नाहीं.

धूम्रपान व हा रोग यांचा संबंध डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनीं १९५० सालीं दाखविला. पुढें ब्रिटिश डॉक्टरांची १९५१ ते २००१ पर्यंत पाहणी झाली. तींत आढळलें कीं, सिगारेट न सोडणारा सरासरी १० वर्षें आधीं मरतो; पन्नाशींत सोडणारास त्यांतील सुमारें ६ व साठींत सोडणारास ३ वर्षें परत मिळतात. विडींत तंबाखू थोडी, म्हणून ती निरुपद्रवी समजूं नये. ती विझूं नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात.

आतां रोग जडल्यानंतरची गोष्ट. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी समालोचनांत असा अंदाज आहे कीं, या रोगाचा नेहमींचा प्रकार आरंभींच सांपडलेल्या ६५ वर्षांच्या रोग्यांपैकीं, धूम्रपान चालू ठेवणारे शेंकडा ३३, तर सोडणारे शेंकडा ७० पांच वर्षें जगतात. २०२१ सालच्या रशियांतील पाहणींत सोडणारांचें आयुष्य ६.६ वर्षें, तर न सोडणारांचें ४.८ वर्षें भरलें. सोडणारे मुळांतच कांहींसे धडधाकट असूं शकतील, हें ध्यानांत घेतलें तरी लाभ उघड आहे. धुरानें शस्त्रक्रियेची जखम उशिरां भरते, रक्तांतील प्राणवायु घटून किरणोपचाराचा प्रभाव उणावतो, आणि दुसरा कर्करोग उद्भवण्याचें भय राहतें. आमचा जन्म महसुली दफ्तरांत गेला. त्या भाषेंत सांगावयाचें तर, मागील बाकी माफ होत नाहीं. पण नवी चढणें थांबतें.

डॉक्टर दररोज किती व किती वर्षें ओढली हें विचारतात, तें दोष देण्यासाठीं नव्हे. रोज २० सिगारेटी एक वर्ष, हें त्यांचें माप. रोज १० प्रमाणें ३० वर्षें ओढणाराचा हिशेब १५ होतो. यावरून हृदय व फुप्फुसें उपचार कितपत सोसतील याचा अंदाज येतो. म्हणून लाजेनें आंकडा लपवूं नये. उलट, परळच्या टाटा रुग्णालयांतील एका पाहणींत जवळजवळ निम्मे रोगी कधींच न ओढणारे होते. अशांच्या गांठींत पुष्कळदां असे जनुकीय बदल सांपडतात कीं, ज्यांवर विशिष्ट गोळ्या लागू पडतात. तेव्हां, ‘मी विडी ओढत नाहीं’ म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करणेंही बरें नव्हे.

खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकींत रक्त दिसलें, किंवा वजन घटूं लागलें, तर तपासणी करावी. क्षय समजून औषध घेत असतां उतार न पडल्यास पुन्हा दाखवावें. त्या भ्रमांत मोलाचे महिने जातात. आमच्या कळंबोलीकरांस खारघरचें टाटांचें कर्करोग केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. विडी सोडण्यासाठीं १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. घरांत रोगी असेल तर इतरांनींही त्याच्यासमोर विडी पेटवूं नये, एवढी आमची वाचकांस विनंति आहे.