न जळणारे म्हणजे नेमके काय?

बांधकाम साहित्यावर जर्मनीत ‘निश्टब्रेनबार’, इटलीत ‘इंकोम्बुस्तिबिले’, तर इंग्लंडमध्ये ‘नॉन-कम्बस्टिबल’ असे लिहितात. अर्थ एकच, न जळणारे. पण या शब्दावर लोक भलताच भार टाकतात.

गैरसमज : ‘इनफ्लेमेबल’ म्हणजेही न जळणारे.
वस्तुस्थिती : नेमके उलटे. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन ‘इन्फ्लामारे’वरून तो आला. त्यातला ‘इन’ नकारार्थी नाही. आपल्याकडे पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहितात ते त्यामुळेच.

गैरसमज : ‘न जळणारे’ हे कंपनीने ठरवायचे.
वस्तुस्थिती : युरोपात ‘ए1’पासून ‘एफ’पर्यंत सामाईक वर्ग आहेत. वीट, काच, पोलाद ‘ए1’मध्ये चाचणीविनाच बसतात. बाकीच्यांना भट्टी चुकत नाही. 45 मिलिमीटर व्यासाचा, 50 मिलिमीटर उंचीचा नमुना 750 अंश सेल्सिअसच्या भट्टीत सोडतात. ‘ए1’साठी भट्टीचे तापमान 30 अंशांहून जास्त वाढता कामा नये, नमुन्याचे वजन निम्म्याहून अधिक घटता कामा नये आणि ज्वाळ टिकता कामा नये. शिवाय नमुना पूर्ण जाळल्यास किती उष्णता निघते, तेही मोजतात.

गैरसमज : ज्वालारोधक लाकूड जळत नाही.
वस्तुस्थिती : रसायनामुळे ते उशिरा पेटते, आग सावकाश पसरते, इतकेच. अशा लाकडाची मजल सहसा ‘बी’पर्यंतच जाते.

गैरसमज : जे जळत नाही ते आगीत टिकते.
वस्तुस्थिती : पोलाद जळत नाही, पण 600 अंशांना त्याची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. उलट लाकडाची जाड तुळई बाहेरून कोळसा होत जाते, आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. आगीत टिकण्याची मोजणी वेगळी, तीही मिनिटांत. दारावर ‘ईआय 60’ असेल, तर ते 60 मिनिटे ज्वाळा आणि उष्णता दोन्ही अडवते.

गैरसमज : वरचा पत्रा धातूचा, म्हणजे फलक सुरक्षित.
वस्तुस्थिती : लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या बाह्य फलकांना दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा होता, मध्ये मात्र पॉलिथिलीन. 14 जून 2017 च्या आगीत 72 जण दगावले. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2018 पासून 18 मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींना, मोजके अपवाद वगळता, ‘ए1’ किंवा ‘ए2’चेच साहित्य लागते. त्यामुळे फलक घेताना वर्ग विचारायचा तो अख्ख्या फलकाचा, नुसत्या पत्र्याचा नव्हे.