जुना माउथपीस गोड का वाजतो?

लग्नसराईत टेंभुर्णीच्या चौकात तुम्ही कधी थांबला आहात काय? एकीकडून पुणे-सोलापूर महामार्गावरच्या मालमोटारींचे भोंगे, दुसरीकडून उसाच्या ट्रॅक्टरची धडधड, आणि या गोंगाटातून वाट काढीत वरातीपुढचा बँड चाललेला असतो. ढोल आणि ताशा तर असतातच. शिवाय ट्रम्पेट असते, काळी क्लॅरिनेट असते, आणि एखाद्या बँडात मान वाकडी करून पुन्हा वर वळलेले, मोठ्या हुक्क्यासारखे दिसणारे एक पितळी वाद्य असते. हाच सॅक्सोफोन. त्यातला मोठा, भरदार आवाजाचा प्रकार म्हणजे टेनर सॅक्सोफोन.

हे वाद्य बेल्जियममधल्या दिनां गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स या कारागिराने बनवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. हिंदी चित्रपटसंगीत ऐकणाऱ्यांना त्याचा आवाज परिचित आहे. मनोहारी सिंह (१९३१-२०१०) यांनी तो घराघरांत पोचवला. बँडवाल्यांची देशी वाद्ये बहुधा मेरठहून येतात.

आता एक गंमत पाहा. सॅक्सोफोनवाल्याला त्याच्या वाद्याचा सर्वांत नाजूक आणि मोलाचा भाग कोणता असे विचारा. तो पितळी नळी दाखवणार नाही. तोंडात धरायचा, बोटभर लांबीचा माउथपीस तो काढून दाखवील. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या काही परदेशी माउथपीसांना आज एवढी किंमत येते की तेवढ्या पैशांत अख्खा नवा देशी सॅक्सोफोन घरी यावा! ऑटो लिंक, बर्ग लार्सन, सेल्मर ही नावे वादकांच्या तोंडी असतात, आणि 'जुन्याची सर नव्याला नाही' हे वाक्यही त्यांच्याबरोबर असतेच. वर्षातले काही महिनेच ज्याची कमाई चालते, अशा वादकाने एवढा पैसा मोजावा काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र लागते.

फुंकर नव्हे, झडप

माउथपीस म्हणजे एका टोकाला चोचीसारखी निमुळती केलेली पोकळ नळी. तिच्या खालच्या सपाट अंगाला लांबट खिडकी असते. त्या खिडकीवर बोरूच्या जातीच्या एका उंच गवतापासून तासलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, कड्याने आवळून बसवतात. या गवताचे शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांच्यामध्ये बारीक फट राहते.

वादक फुंकतो तेव्हा तोंडातला दाब माउथपीसमधल्या दाबापेक्षा वाढतो. त्यामुळे रीड आत ढकलली जाते व फट अरुंद होते. नळीतल्या हवेत जी दाबाची लाट मागेपुढे धावत असते, ती परत येऊन रीडला बाहेर ढकलते. फट उघडते, हवेचा नवा घोट आत जातो, फट पुन्हा मिटते. म्हणजे रीड ही एक झडप आहे. २२० हर्ट्झचा स्वर वाजत असेल तर ही झडप सेकंदाला २२० वेळा उघडते आणि मिटते. नळीने लय द्यायची आणि रीडने त्या लयीत हवा सोडायची, असा हा दोघांचा कारभार आहे. झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला की तो चालू राहतो, तसेच हे.

सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांना ही झडप नवी नाही. आपली सनई याच तत्त्वावर वाजते. फरक एवढाच, की सनईला माउथपीस नसतो. तिच्या दोन पात्यांची पत्तीच एकमेकींवर मिटते आणि उघडते. सनईपेक्षा आखूड आणि उंच आवाजाची 'सुंदरी' तर आपल्या जिल्ह्याचेच वैभव. सोलापूरच्या जाधव घराण्याने, त्यातही पंडित सिद्राम जाधव यांनी, ती मैफलीत नावारूपाला आणली. सनई असो, सुंदरी असो की सॅक्सोफोन असो, तिघांच्याही नळ्या खाली रुंद होत गेलेल्या, म्हणजे शंकूच्या आकाराच्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

नादाची जाती

एकच स्वर पेटीवर, सनईवर आणि सॅक्सोफोनवर वाजवला तरी डोळे मिटून आपण वाद्य ओळखतो. संगीताच्या पुस्तकात याला नादाची जाती म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे कारण सविस्तर मांडले. २२० हर्ट्झच्या स्वराबरोबर ४४०, ६६०, ८८० असे त्याच्या पटीतले अधिस्वरही उमटत असतात. कोणता अधिस्वर किती जोरात उमटतो, यावर बहुतांशी नादाची जाती ठरते. वरचे अधिस्वर जोरदार असले तर आवाज धारदार, चकचकीत वाटतो. ते दुबळे असले तर गोल, मऊ वाटतो.

माउथपीसची करामत इथे आहे. १९२० ते १९३० च्या सुमाराचा एखादा माउथपीस आत डोकावून पाहिला तर त्याची पोकळी ऐसपैस दिसते आणि टोकामागचे छत रीडपासून खूप उंच असते. अशी मोठी पोकळी बैलगाडीत घातलेल्या गवताच्या गादीसारखे काम करते. गादी बारीक, वेगवान हादरे गिळून टाकते आणि मोठे हेलकावे तेवढे पोचू देते. तसेच या पोकळीतल्या हवेमुळे दाबाचे वेगवान चढउतार, म्हणजेच वरचे अधिस्वर, सौम्य होतात. आवाज भरदार पण मवाळ येतो. पुढे वाद्यवृंद मोठे झाले, विजेची गिटार आली, आणि त्या गलक्यात ऐकू जाण्यासाठी छत रीडजवळ आणून पोकळी आवळलेले माउथपीस चालू लागले. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो; त्या पट्ट्यातले अधिस्वर वाढले की वाद्य फार मोठ्याने न वाजताही पुढे येते. टेंभुर्णीच्या चौकात ताशाशी सामना असताना मवाळ माउथपीस काय कामाचा, हे तुम्हीच ठरवा! 'चांगला आवाज' ही जागेवर ठरणारी गोष्ट आहे.

टोकाची फटही महत्त्वाची. टेनरच्या माउथपीसमध्ये ती साधारण दीड ते तीन मिलिमीटर असते. बर्ग लार्सनच्या अंगावर '११०' आणि त्याखाली '२' असे आकडे कोरलेले आढळले तर घाबरू नका. ११० म्हणजे ०.११० इंच फट, मिलिमीटरमध्ये सुमारे २.८, आणि २ हा पोकळीचा प्रकार. शून्य क्रमांकाचा सर्वांत धारदार, तीनचा सर्वांत मवाळ. फट मोठी असली की रीडला हालचालीस वाव जास्त, पण ती मिटवायला दमही जास्त लागतो. म्हणून तिथे मऊ रीड वापरतात.

शंकूचे हरवलेले टोक

आता त्या शंकूकडे वळू. खरा शंकू टोकाशी बिंदूत संपतो. परंतु बिंदूतून फुंकणार कसे? म्हणून शंकूचे टोक कापून तिथे माउथपीस बसवतात. निसर्गाला मात्र ते कापलेले टोक हवेच असते. माउथपीसमधली हवा, तीत रीडच्या लवचीकपणाचा वाटा धरून, कापलेल्या टोकाच्या घनफळाइतकी भरली, तरच खालच्या आणि वरच्या सप्तकातले स्वर एकमेकांशी जुळतात.

वहीत करून पाहा. नळीच्या तोंडाचा व्यास १२.५ मिलिमीटर आणि हरवलेल्या टोकाची लांबी २० सेंटिमीटर धरून चालू. शंकूचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. उत्तर सुमारे ८ घन सेंटिमीटर येते. जेमतेम दीड चमचा हवा! पण तेवढ्यावर सारे सूर अवलंबून.

म्हणूनच जुना, मोठ्या पोकळीचा माउथपीस प्रत्येक वाद्याला चालतोच असे नाही. घनफळ जास्त झाले तर वादक तो मानेवर आणखी आत ढकलून हिशेब जुळवतो. पण मान संपली की उपाय संपतो. बाजारातून मोठ्या नावाचा माउथपीस आणावा आणि वरचे सप्तक बेसूर निघावे, असे घडते ते यामुळे.

धातू की एबोनाइट?

जुने माउथपीस बहुतेक एबोनाइटचे किंवा धातूचे असतात. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून उष्णता देऊन कडक केलेला काळा पदार्थ. धातूचा आवाज कडक आणि एबोनाइटचा गोड, असे सर्रास सांगतात. १९७१ साली अमेरिकेतील जॉन कोल्टमन यांनी आतून एकाच मापाच्या तीन बासऱ्या घेतल्या: एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. संगीत जाणणाऱ्या श्रोत्यांना त्या नुसत्या कानाने वेगळ्या सांगता आल्या नाहीत. वजन आणि स्पर्श कळणार नाही अशी व्यवस्था केल्यावर वाजवणाऱ्यांनाही सांगता आल्या नाहीत. बासरी म्हणजे सॅक्सोफोन नव्हे हे खरे. पण आवाज हवेच्या पोकळीचा असतो, भिंतीचा नव्हे, एवढे त्यातून दिसते. धातूचे माउथपीस वेगळे वाजतात ते मुख्यतः त्यांची पोकळी आणि छत वेगळे कोरलेले असते म्हणून.

मग एकाच नावाचे दोन जुने माउथपीस वेगळे का वाजतात? कारण त्यांचे टोक आणि कडा हाताने घासून पुऱ्या केलेल्या असत. शिवाय पन्नास वर्षांत कोणी कोणी ती फट घासून वाढवलेली असते. दशांश मिलिमीटरचा फरकही वादकाला जाणवतो. त्यातच वादकाचे तोंड, घसा आणि ओठ! अमेरिकेचे बेन वेब्स्टर आणि जॉन कोल्ट्रेन हे दोघेही ऑटो लिंक माउथपीस वाजवीत; पण पहिल्याचा श्वासाने भरलेला मऊ आवाज आणि दुसऱ्याची तलवारीसारखी धार यांची गल्लत कोणी करणार नाही.

पडद्याआडची परीक्षा

दोन माउथपीसांची तुलना करायची तर प्रथम हे समजून घ्या की वाजवणारा हा चांगला परीक्षक नसतो. त्याचे वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात. कंपने दातांतून आणि कवटीच्या हाडांतून थेट त्याच्या कानात जातात. समोरच्या श्रोत्याला ती मिळत नाहीत. तेव्हा परीक्षा श्रोत्यांची घ्या.

शाळेत ही सहज करता येईल. गावातल्या बँडमधल्या एखाद्या सॅक्सोफोनवाल्या काकांना विनंती करा, त्यांच्याकडे दोन माउथपीस असतात का ते विचारा. प्रत्येकाला त्याच्या फटीला शोभेल अशी रीड लावू द्या. दर वेळी एकच स्वर, एकाच उंचीचा आणि एकाच जोराचा हवा, कारण किंचित चढा किंवा मोठा स्वर आपल्याला उगीचच 'चांगला' वाटतो. उंची आणि जोर मोबाइलवर मोजता येतात. वादक पडद्याआड. नाणे उडवायचे, छापा आला तर जुना, काटा आला तर नवा. अशा दहा फेऱ्या. श्रोत्याने शेजाऱ्याला न विचारता चिठ्ठीवर उत्तर लिहायचे. सॅक्सोफोन नसेल तर सनईच्या दोन पत्त्या घेतल्या तरी चालेल.

दहापैकी सहा उत्तरे बरोबर आली म्हणून टाळ्या पिटू नका. डोळे झाकून अंदाज करणाऱ्याच्या १०२४ शक्य उत्तरपत्रिकांपैकी ५६ मध्ये आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येतात, म्हणजे शेकडा साडेपाच. नऊ किंवा अधिक मात्र फक्त ११ मध्ये. तेव्हा कोणी नऊ बरोबर सांगितली तर त्याला पुन्हा बोलावून आणखी दहा फेऱ्या घ्या. आणि एवढे लक्षात ठेवा, की इथे फक्त 'वेगळा ओळखता येतो का' एवढेच कळते. कोणता गोड, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी दुसऱ्या चिठ्ठ्या लागतील.

परीक्षा संपल्यावर एबोनाइटचा माउथपीस कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हात ठेवला तर पृष्ठभागावरचे गंधक बदलून तो हिरवट-तपकिरी पडतो, आणि कढत पाण्यात घातला तर त्याची चोच वाकते. मग ती दशांश मिलिमीटरची फट काही केल्या परत येत नाही.