वास्को द गामाच्या खात्यावर काय मांडायचं?

सदाशिव पेठेला नाव मिळालं ते सदाशिवरावभाऊंवरून. भाऊंचे वडील चिमाजीअप्पा यांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिकडच्या चर्चमधल्या घंटा पुढे भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगल्या गेल्या. याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाडे-मेहेंदळ्यांनी १९१० मध्ये ते काढलं, ते अस्सल साधनं पाहून मगच बोलायचं, या शिस्तीसाठी. वसईच्या पोर्तुगीजांना या किनाऱ्याची वाट दाखवणाऱ्या वास्को द गामालाही तीच शिस्त लावायला हवी. २४ डिसेंबर २०२४ ला त्याच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली. तरी आपल्याकडे तो एक तर ‘जलमार्ग शोधणारा’ म्हणून परीक्षेपुरता पाठ होतो, नाही तर लुटारू म्हणून एका शब्दात निकालात निघतो.

त्याच्या श्रेयाचं आधी पाहू. ८ जुलै १४९७ ला चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन त्याने लिस्बन सोडलं. आफ्रिकेचा किनारा धरून न जाता तो केप व्हर्दे बेटांनंतर थेट अटलांटिकमध्ये खोल शिरला आणि मोठं वळण घेऊन दक्षिणेकडचे वारे पकडले. तीन महिने त्याला जमीन दिसली नाही. कोलंबसाची अशी वाटचाल पाच आठवड्यांची होती. हे दर्यावर्दीपण अस्सल आहे, आणि ते मान्य करताना हात आखडता घेण्याचं कारण नाही.

आफ्रिकेला वळसा घालून तो पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोचला, पण तिथून पुढची वाट मात्र त्याची नव्हती. अरब, गुजराती आणि मलबारी जहाजं ती शतकानुशतकं कापत होती. मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्याने नैर्ऋत्य वाऱ्यांवर अवघ्या तीनेक आठवड्यांत त्याला मलबारला आणून सोडलं. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाखवा इब्न माजिद, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. अभ्यासकांनी ते आता सोडून दिलं आहे. जुन्या पोर्तुगीज इतिहासकारांनी तर तो गुजराती असल्याचं लिहून ठेवलंय. २० मे १४९८ ला कालिकतजवळ नांगर पडला. तिथल्या सामुद्री राजासाठी आणलेल्या टोप्या, हात धुण्याची भांडी, मध आणि तेल पाहून दरबारी हसले, कारण मक्केहून येणारा साधा व्यापारीसुद्धा याहून बरं काही आणत असे.

परतीला त्याने वाऱ्याचं ऐकलं नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघाला आणि आफ्रिकेला लागला जानेवारीत. हिरड्या सुजून, अंग सडून माणसं मेली. हाताळायला खलाशी उरले नाहीत म्हणून एक जहाज जाळावं लागलं. वारा कधी फिरतो आणि समुद्र कधी मोकळा होतो, हे आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. निघालेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश माणसं घरी पोचली. त्याचा भाऊ पाउलो अझोर्स बेटांवरच गेला.

गामाच्या आधी तीसेक वर्षं आणखी एक युरोपीय आपल्याकडे येऊन गेला होता. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. तिथल्या असदखानाने घोडा हिसकावून धर्म बदलण्याची अट घातली. एका खोरासानी सरदाराने रदबदली करून घोडा परत मिळवून दिला. पुढे तो बीदरला गेला, माणसांशी ओळखी केल्या, त्यांचं खाणंपिणं आणि देवधर्म टिपून ठेवला आणि दाभोळहून परत फिरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, पण पुणे जिल्ह्यात पावसाळा काढलेल्या या माणसाचं नाव पुण्यात फार थोड्यांना माहीत असतं, याची मला खंत वाटते. तोफा न आणताही इथे येता येत होतं, हे निकितिनमुळे दिसतं.

गामा १५०२ मध्ये दुसऱ्यांदा आला तो आरमार घेऊन. कालिकतच्या पोर्तुगीज वखारीवर १५०० मध्ये हल्ला होऊन माणसं मारली गेली होती, तो राग मनात होता. मक्केहून परतणारं ‘मिरी’ नावाचं जहाज मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याच्या हाती लागलं. त्यावर शेकडो यात्रेकरू होते, त्यांत बायका आणि मुलंही. धनिकांनी खंडणी देऊ केली. गामाने माल काढून घेतला आणि जहाजाला आग लावायला सांगितली. लोकांनी आग विझवली, हाताला येईल ते घेऊन झुंज दिली. बायका तान्ही मुलं वर धरून दया मागत होत्या. शेवटी जहाज जळालंच. पुढे कालिकतला त्याने पकडलेल्या मासेमारांना फाशी दिलं आणि त्यांचे तोडलेले हातपाय राजाकडे पाठवले.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर इथे टिकत नाही. मिरीची हकिगत आपल्याला कळते ती गामाच्याच ताफ्यातल्या टोमे लोपेसकडून, आणि हे आपण जन्मभर विसरणार नाही, असं तो लिहितो. त्या काळच्या पोर्तुगीजालाही ते क्रूर वाटलं होतं. शिवाय ही एका दिवसाची चीड नव्हती. समुद्रावर फिरायचं तर पोर्तुगीजांचं कार्ताझ, म्हणजे परवाना घ्या, ही सक्ती त्याच सुमारास सुरू झाली. शिवकाळापर्यंत कोकणातल्या जहाजांना तिचा जाच होता, पां. स. पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ वाचताना हा सगळा व्यवहार समोर उभा राहतो.

जमेच्या बाजूला काही जण बटाटा, मिरची, काजू मांडतात. एकादशीला पेठेत घरोघरी होणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीतलं मिरची, बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हे सगळं मूळचं अमेरिकेतलं. यातलं बरंच काही पोर्तुगीज व्यापाराच्या वाटांनी आपल्याकडे आलं, हे खरं. पण गामाने अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. लाखो अनाम व्यापारी, माळी आणि शेतकऱ्यांच्या हातून घडलेली ही आवक त्याच्या नावे जमा करून मिरीवरची माणसं वजा कशी करायची?

तिसऱ्या खेपेला, १५२४ मध्ये, तो व्हाइसरॉय होऊन चौलला उतरला. स्वतःच्याच लाचखोर अधिकाऱ्यांवर त्याने कडक हात चालवला, हेही नोंदवायला हवं. तीनेक महिन्यांतच कोचीनला त्याचा अंत झाला.

गोव्यातल्या वास्को शहराचं नाव बदलावं, अशी मागणी अधूनमधून होते. त्या शहरात श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह अखंड चालतो आणि लोकांनी ते कधीच आपलं करून टाकलंय. मला पाटीपेक्षा शाळेच्या पुस्तकाची काळजी अधिक वाटते. १४९८ शेजारी १५०२ छापलं जावं, आणि टोमे लोपेसने जे पाहिलं ते मराठी मुलांना मराठीत वाचायला मिळावं.