यष्टीमागचा न लिहिलेला हिशेब

टेनिस बॉलचा सामना आसेगावला असो की वाशीमला, ज्याच्या हाती बॉल द्यायचा नाही त्याला कीपिंगला उभं करतात. आंतरराष्ट्रीय संघांचंही फार वेगळं नाही. आधी फलंदाज निवडायचा, मग त्याला ग्लोव्हज चढवायचे. यात कीपरची खरी परीक्षाच राहून जाते, असं माझं म्हणणं आहे. ती फिरकीसमोर, यष्टीला लागून उभं राहिल्यावर होते. तिथे टप्पा पडेपर्यंत उठायचं नाही, उसळीबरोबर वर यायचं. घाई केली की खाली राहिलेला बॉल पायांतून गेलाच. त्यात फलंदाज पुढे सरसावला की नेमक्या वेळी बॉल त्याच्या अंगाआड जातो, आणि तरीही बॅट चुकणारच असं धरून हात तिथे न्यावे लागतात.

जानेवारी 1988 मध्ये चेन्नईच्या चेपॉकवर नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच 136 धावांत वेस्ट इंडिजचे 16 बळी घेतले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच कसोटीत बडोद्याच्या किरण मोरेने सहा जणांना यष्टिचीत केलं, पैकी पाच दुसऱ्या डावात. हे मात्र विचारावं लागतं. भारताचेच कीपर नरेन ताम्हाणेंच्या 21 कसोटींत 35 झेल आणि 16 यष्टिचीत, म्हणजे त्यांच्या बळींपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा यष्टिचीत.

यावर कोणी म्हणेल, ताम्हाणेंची फलंदाजीची सरासरी जेमतेम दहाची. ऑस्ट्रेलियाच्या कीपर गिलख्रिस्टने 47 च्या सरासरीने धावा केल्यावर त्यांना आज कोण घेईल? आक्षेप रास्त आहे. विदर्भाने 2017-18 चा रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध कीपर अक्षय वाडकरच्या 133 धावा होत्या, आणि प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, स्वतः भारताचे कीपर. त्या धावांची किंमत मी कशाला नाकारू? पण हिशेब एकतर्फी आहे. केलेल्या धावा धावफलकावर चढतात. दहावर सुटलेलं स्टंपिंग कुठेच चढत नाही, आणि त्या फलंदाजाने नव्वद केल्या तर वरच्या ऐंशी मुकाट्याने गोलंदाजाच्या नावावर जातात. धोनीला दोन्ही जमलं, हे उत्तरही पुरत नाही. त्याच्या 38 कसोटी यष्टिचीतांमागे बॉल घेताना हात मागे न नेण्याची सवय होती, आणि ती फलंदाजीच्या नेट्समध्ये लागत नाही.